विशेष दूत नेमायचाय? नाव शेवटी लिहा

अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषदेसाठी (संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीची नक्कल करणारी स्पर्धा, 'मॉडेल यूएन') विद्यार्थी ठरावांचे मसुदे करतात आणि ते तपासायला माझ्याकडे येतात. 'मानवी हक्क व प्रादेशिक सुरक्षेसाठी विशेष दूत नेमण्यात यावा' हे वाक्य बहुतेकांत असतं, आणि तिथेच विषय संपतो. नाव मात्र आधीच ठरलेलं! कुणी माजी पंतप्रधान, नाहीतर नोबेलवाला. मी त्या नावावर काट मारते आणि मसुदा परत देते. आधी कागद नीट होऊ दे.

सुरुवात दूत कुणाचा इथून करा. म्यानमारसाठी डिसेंबर २०१७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला, पण ख्रिस्टीन श्रानर बुर्गनर या स्विस राजदूत बाईंना एप्रिल २०१८मध्ये नेमलं ते महासचिवांनी. उत्तर कोरियातल्या मानवी हक्कांसाठीचा अमेरिकी दूत २००४च्या कायद्याने आला; कायदा काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, नेमणूक राष्ट्राध्यक्षांची. म्हणजे ठराव कोण करणार, नेमणार कोण, पैसा कुठून येणार आणि दूत अहवाल कुणाला देणार, ही चार उत्तरं मसुद्यात हवीतच. पैशाचा परिच्छेद सगळेच गाळतात. दुभाषे, प्रवास, दोन-चार माणसांचं कार्यालय, हे कुणीतरी भरायचंच असतं.

यानंतरचं कलम सर्वांत महत्त्वाचं: दूत कुणाला भेटणार, आणि भेटू दिलं नाही तर काय?

इथे आसियानचं, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचं, उदाहरण घोटून घ्या. म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर २४ एप्रिल २०२१ रोजी जकार्तात पाच मुद्द्यांवर सहमती झाली. दूत म्यानमारला जाईल आणि 'सर्व संबंधित पक्षांना' भेटेल, असं त्यात होतं. पण हे पक्ष कोण, ते लिहिलं नाही. नेमणुकीलाच ऑगस्ट उजाडला. नेमलेले दूत, ब्रुनेईचे एरिवान युसुफ, यांना लष्कराने अटकेत ठेवलेल्या नेत्या आंग सान स्यू की यांची भेट नाकारली गेली, तेव्हा त्यांनी दौराच रद्द केला. त्यानंतर ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला लष्करप्रमुख मिन आँग हलाइंग यांना बोलावायचं नाही, असं आसियानने ठरवलं. आसियानच्या मानाने हे फारच कडक झालं. पण तो उपाय आधी कागदावर नव्हता, ऐनवेळी सुचला. पुढच्या वर्षीचे दूत, कंबोडियाचे प्राक सोखोन, जाऊन आले, त्यांनाही स्यू की भेटल्या नाहीत. म्हणून माझा आग्रह: तुरुंगातले नेते, विरोधी सरकार, वांशिक सशस्त्र गट, सगळ्यांची नावं घाला, आणि दार बंद झालं तर कोणतं पाऊल उचलायचं तेही. शेजारी देशही यादीत घ्या. मिझोरममध्ये हजारो म्यानमारी निर्वासित आहेत. दिल्ली, ऐझॉल, बँकॉक, ढाका टाळून हा दूत करणार काय?

मुदतीचंही तेच. आसियानचं अध्यक्षपद दरवर्षी दुसऱ्या देशाकडे जातं, आणि दूतही त्याबरोबर बदलत गेला. ब्रुनेई, कंबोडिया, इंडोनेशिया, लाओस, मलेशिया… ओळख होईतो माणूस घरी. मी तरी तीन वर्षांखाली मुदत लिहू देत नाही.

आता जोखमीची जागा. हक्क आणि सुरक्षा एकाच वाक्यात लिहायला काही लागत नाही, पण प्रत्यक्षात त्या दोन टेबलांवर वेगवेगळी माणसं बसलेली असतात. जे लेफकोविट्झ हे उत्तर कोरियासाठीचे पहिले अमेरिकी दूत. जानेवारी २००८मध्ये त्यांनी जाहीर भाषणात अणुवाटाघाटींचं धोरण चुकतंय असं सुचवलं, आणि परराष्ट्रमंत्री कोंडोलीझा राईस यांनी त्यांना उघडपणे झापलं: सहापक्षीय चर्चेत (उत्तर कोरियाच्या अणुकार्यक्रमावरची सहा देशांची बोलणी) काय चाललंय, हे त्यांना माहीत नाही! ते खरंच त्या खोलीत नव्हते, आणि पदही अर्धवेळ होतं. तेव्हा तुमच्या दूताला सुरक्षाविषयक बैठकीत खुर्ची आहे का, हे कलमात स्पष्ट लिहा. ती नसेल, तर शीर्षकातून 'प्रादेशिक सुरक्षा' हे शब्द सरळ काढून टाका.

मग माणूस शोधा. पदाचा दर्जा राजदूताचा आणि काम पूर्णवेळ हवं. लेफकोविट्झनंतरचे रॉबर्ट किंग २०११मध्ये अन्नस्थितीची पाहणी करणाऱ्या पथकाबरोबर प्योंगयांगला गेले आणि तिथे अटकेत असलेल्या एका अमेरिकी नागरिकाला घेऊन परतले. हक्कांचं नाव काढताच दार बंद करणाऱ्या देशात धान्याचा विषय त्यांना आत घेऊन गेला. नुसता आवाज चढवणारा माणूस निवडण्यापेक्षा असं दुसरं काम हाताशी असणारा निवडा. २०१३मध्ये मात्र किंग यांचा ठरलेला दौरा उत्तर कोरियाने ऐनवेळी रद्द केला, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा मसुद्यात नको.

शेवटचं कलम रिकाम्या खुर्चीचं. किंग जानेवारी २०१७मध्ये गेले, आणि ज्युली टर्नर यांनी शपथ घेतली ती ऑक्टोबर २०२३मध्ये. मधली जवळपास पावणेसात वर्षं कायदा होता, दूत नव्हता. जागा रिकामी झाल्यापासून नव्वद दिवसांत नवी नेमणूक, तोवर काम कोण बघणार त्याचं पदनाम, आणि उशीर झाल्यास लेखी कारण, एवढं घाला. मग नावाची रेघ भरून मसुदा माझ्याकडे पाठवा.