गुडघ्यावर आलेला वेडा योद्धा: स्पार्टाकसवरून एक काल्पनिक मूर्ती कशी घडवावी

घरातल्या साध्या टेबलावर, हार्डवेअरच्या आणि स्टेशनरीच्या दुकानांत मिळणाऱ्या साहित्यातून, सुमारे बारा सेंटिमीटर उंचीचा एक वेडा काल्पनिक योद्धा कसा घडवावा, हे येथे सांगत आहे. योद्धा काल्पनिक असला तरी त्याचे मूळ स्पार्टाकस या थ्रेसच्या ग्लॅडिएटरमध्ये, म्हणजे रोमन आखाड्यात प्रेक्षकांसमोर लढायला लावल्या जाणाऱ्या गुलामामध्ये आहे, ज्याने इ.स.पू. ७३ मध्ये इटलीतल्या कापुआ येथील प्रशिक्षणशाळेतून सत्तरेक साथीदारांसह, स्वयंपाकघरातले सुरे आणि सळया हाती घेऊन, पलायन केले आणि पुढची दोन वर्षे रोमन सैन्याला सळो की पळो करून सोडले.

मी अशी पहिली मूर्ती केली तेव्हा वेड दाखवायचे म्हणून तोंड आ वासलेले केले, डोळे बटाट्याएवढे बाहेर काढले आणि अंगभर लाल रंग शिंपडला. ती मूर्ती घेऊन मी नागपुरात महाल भागातल्या चितार ओळीत, गणपतीच्या मूर्तींवर हात फिरवत बसलेल्या एका वयस्कर मूर्तिकाराकडे गेलो. त्यांनी ती हातात घेऊन उजेडाकडे फिरवली आणि एवढेच विचारले, "हा कोणाकडे पाहून राहिला जी?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हा ते म्हणाले, "डोये मोठे केले म्हणून येड दिसत नाही. येडा माणूस जिकडं पाहते, तिकडं कोणी नसते." ते त्या वेळी एका गणपतीच्या डोळ्यांची आखणी करत होते. बुबुळाचा ठिपका ठेवण्याआधी त्यांनी श्वास रोखला, कुंचला टेकवला आणि उचलला, आणि त्या क्षणापर्यंत नुसती माती असलेला चेहरा माझ्याकडे पाहू लागला. पुढे लिहिलेली सगळी पद्धत त्या प्रश्नावर उभी आहे, म्हणून मूर्तीला हात घालण्यापूर्वी आपला योद्धा कुठे पाहतो आहे, हे ठरवून घ्यावे.

ते ठरवण्यासाठी इतिहासाकडे जावे लागते. खरा स्पार्टाकस वेडा नव्हता. प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराने त्याचे वर्णन बलवान, बुद्धिमान आणि सौम्य वृत्तीचा माणूस असे केले आहे. वेसुव्हियस डोंगरावर कोंडी झाली असता रानवेलींच्या शिड्या करून कड्यावरून उतरणे आणि रोमन सेनानी ग्लाबरच्या छावणीवर मागच्या बाजूने तुटून पडणे, हे डोके शाबूत असलेल्याचेच काम आहे. मग आपल्या काल्पनिक योद्ध्याचे डोके फिरले कधी? माझे उत्तर इ.स.पू. ७२ मधल्या एका प्रसंगात आहे. त्याचा साथीदार क्रिक्सस गार्गानस डोंगराजवळ मारला गेला, तेव्हा स्पार्टाकसने त्याच्या स्मरणार्थ तीनशे रोमन कैद्यांचा बळी दिल्याचे प्राचीन इतिहासकार आप्पियन सांगतो, तर फ्लोरस या रोमन इतिहासकाराच्या लिखाणात कैद्यांना चितेभोवती ग्लॅडिएटरसारखे आपसांत लढायला लावल्याचा उल्लेख येतो. ज्याने आखाडा मोडला, तोच त्या दिवशी आखाड्याच्या प्रेक्षकांत जाऊन बसला. इतिहासातला स्पार्टाकस त्यानंतरही सैन्य चालवत राहिला. आपला काल्पनिक योद्धा मात्र त्या चितेपाशी अडकतो, आणि त्यानंतर त्याला प्रत्येक रणांगणाभोवती दगडी पायऱ्या आणि त्यांवर बसलेली गर्दी दिसू लागते. शत्रू समोर असतानाही तो वर, त्या नसलेल्या गर्दीकडे पाहतो. नजरेची दिशा येथे निश्चित झाली.

पवित्राही इतिहासच देतो. इ.स.पू. ७१ मधल्या शेवटच्या लढाईत मांडीत भाला लागून स्पार्टाकस गुडघ्यावर आला आणि ढाल पुढे धरून तसाच लढत राहिला, असे आप्पियनने लिहिले आहे. त्याचे प्रेत कधी सापडले नाही. आपणही डावा गुडघा जमिनीवर टेकलेला, उजवे पाऊल रोवलेले, डाव्या हाती ढाल आणि उजव्या हाती तलवार असा पवित्रा घ्यावा. ढाल थोडी बाहेरच्या बाजूला कलती ठेवावी, नाहीतर मांडीची जखम तिच्यामागे झाकली जाते.

मापासाठी डोके दोन सेंटिमीटरचे धरावे. वीरपुरुष आठ डोक्यांचा, म्हणजे उभा सोळा सेंटिमीटरचा होतो, आणि गुडघ्यावर आला की पोटरीची उंची वजा होऊन साधारण बारा सेंटिमीटर उरतो. ही आकृती कागदावर खऱ्या मापात काढून घ्यावी. सांगाड्यासाठी सळया बांधायची मऊ लोखंडी तार दुहेरी पीळ देऊन वापरावी आणि प्रत्येक सांधा चित्रावर ठेवून वाकवावा. रोवलेल्या पावलातून आणि टेकलेल्या गुडघ्यातून तारेची टोके खाली सोडून ती सागाच्या तुकड्यात भोके पाडून घट्ट बसवावीत, कारण पाया हलला तर पुढचे सारे काम हलते. छाती आणि मांड्यांवर अॅल्युमिनियम फॉइल घट्ट दाबून भराव करावा, म्हणजे वरून लावायची लांबी (पुट्टी) कमी लागते आणि वजनही आटोक्यात राहते.

वरच्या कामासाठी एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी लांबी पुरते. दोन्ही भाग सारखे घेऊन पट्टे दिसेनासे होईपर्यंत मळावे, हातात मोजे घालावे, आणि एका वेळी बोराएवढाच गोळा मळावा, कारण नागपूरच्या मे महिन्यात ती हिवाळ्यापेक्षा बरीच लवकर आवळते आणि मोठा गोळा अर्धा वाया जातो. बोटे आणि हत्यारे पाण्याने ओली ठेवावीत. एका दिवसात एकच थर द्यावा; रात्रभर वाळू द्यावा; पॉलिश पेपर मारताना नाकातोंडाला मास्क बांधावा, कारण वाळलेल्या लांबीची धूळ घातक असते.

शरीर घडवताना पडद्यावरचे कातीव पोट डोळ्यांसमोर आणू नये. ग्लॅडिएटरना त्या काळी 'होर्देआरी', म्हणजे जव खाणारे, असे म्हणत, आणि तुर्कस्तानातील इफेसस येथे १९९३ मध्ये सापडलेल्या ग्लॅडिएटरांच्या दफनभूमीतील हाडांच्या अभ्यासातूनही त्यांचा आहार मुख्यतः धान्य-कडधान्यांचा असल्याचे दिसते. अशा आहाराने येणारा चरबीचा थर वरवरच्या जखमांपासून नसा आणि स्नायू वाचवत असावा, असे अभ्यासकांना वाटते. म्हणून खांदे आणि मान भरदार करावी, पोटावर मात्र जाडसर, गुळगुळीत थर द्यावा. आपल्याकडच्या तालमीतला मुरलेला पहिलवान ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे शरीर लगेच कळेल.

शस्त्रांत मूर्तीचा खरा जीव आहे आणि मी सर्वांत जास्त वेळ तेथेच देतो. बंडखोरांनी गुलामांच्या कोठड्यांतले लोखंड वितळवून तलवारी केल्या आणि वेलीफांद्या विणून त्यांवर कातडी चढवून ढाली केल्या, असे रोमन लेखकांनी नोंदवले आहे. काल्पनिक योद्ध्यासाठी ही माहिती सोन्यासारखी आहे. थ्रेसच्या पद्धतीची वाकडी आखूड तलवार, जिला 'सिका' म्हणत, पत्र्यातून कापावी. मग बारीक तार पेनच्या रिफिलभोवती गुंडाळून, कापून, कड्या कराव्यात आणि त्यांतल्या तीन-चार पात्याच्या मुळाशी लांबीत अर्ध्या बुडवाव्यात, जणू साखळी पूर्ण वितळलीच नाही आणि तलवार मुठीजवळ अजून बेडीच आहे. ढालीसाठी खराट्याचे बारीक हीर घेऊन त्यांत जाडसर सुती दोरा बुरुडाच्या विणीप्रमाणे एक वर, एक खाली असा ओवावा, आणि फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिशू पेपर त्यावर सुरकुत्यांसह चिकटवावा. एका कोपऱ्यात तो फाटलेला ठेवावा, म्हणजे कातड्याखालची वीण दिसते.

शिरस्त्राणावर कल्पनेला मोकळीक द्यावी. थ्रेक्स प्रकारच्या ग्लॅडिएटरच्या शिरस्त्राणावर ग्रिफिन या गरुडमुखी प्राण्याचा तुरा असे. त्याऐवजी मी साप घेतो, कारण प्लुटार्कच्या कथेनुसार स्पार्टाकसला विक्रीसाठी रोमला आणले तेव्हा झोपेत एक साप त्याच्या चेहऱ्याभोवती वेटोळे घालून बसलेला दिसला, आणि देवाचा संचार होणाऱ्या त्याच्या बायकोने ते मोठ्या आणि भयंकर सामर्थ्याचे लक्षण असल्याचे सांगितले. हा साप तुऱ्यावरून उतरून फुटलेल्या शिरस्त्राणाच्या डाव्या अर्ध्या भागाला विळखा घालतो आणि चेहऱ्याची डावी बाजू झाकतो. उजवा डोळा तेवढा उघडा राहतो. सापाचे खवले ओल्या लांबीवर रिकाम्या रिफिलच्या टोकाने ठसे उमटवून होतात. तोंड मिटलेले ठेवावे. ओठ किंचित हलत असल्यासारखे वाटले तरी पुरे.

रंगकामात नागपूरचे हवामान विचारात घ्यावेच लागते. प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, करडा स्प्रे एप्रिल-मेच्या दुपारी मारला, तर फवारा हवेतच सुकून मूर्तीवर वाळूसारखे दाणे बसतात, आणि श्रावणातल्या दमट दिवशी मारला, तर त्यावर पांढुरकी झाक येऊ शकते. उन्हाळ्यात सकाळी सहा-सातच्या सुमारास गच्चीवर आणि पावसाळ्यात उघडीप असलेल्या कोरड्या दिवशीच हे काम उरकावे. कूलरच्या झोतासमोर तर फवारूच नये. अॅक्रिलिक रंग कुंचल्यावरच वाळू नयेत म्हणून डब्याच्या झाकणात भिजवून पिळलेला स्पंजचा पातळ तुकडा ठेवून त्यावर बटर पेपर पसरावा आणि रंग त्यावर कालवावेत.

त्वचेसाठी बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा पुरतो. सावलीत काळा घालू नये, त्याने अंग मळकट दिसते. त्याच मिश्रणात क्रिमझन आणि चिमूटभर अल्ट्रामरीन घालावा. शिरस्त्राण आधी गडद तपकिरी रंगवून, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर सोनेरी फिरवावा आणि खाचांत पातळ हिरवट-निळा सोडावा, म्हणजे चिंचेने कळकलेल्या पितळी भांड्यासारखा रंग येतो. रक्त फक्त मांडीला असावे. टेकलेल्या पायाची मांडी उभी असल्यामुळे ओघळ सरळ खाली गुडघ्याकडे येतील आणि मातीत जिरतील, तेथे ते तपकिरी करावेत. जखमेच्या तोंडाशी क्रिमझनवर चकचकीत वॉर्निशचा एक थेंब द्यावा. बाकी सर्व मूर्तीला चमक नसलेले वॉर्निश लावावे.

डोळा अगदी शेवटी करावा. पांढरा शुद्ध घेऊ नये, त्यात किंचित ऑकर घालावा. बुबुळ वरच्या पापणीला चिकटवून, थोडे बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवावे. खालच्या बाजूला पांढऱ्याची बारीक रेघ राहिली, की नजर शत्रूच्या डोक्यावरून वर जाते. कुंचल्याचे टोक बारीक नसेल तर सुईच्या अग्राने ठिपका ठेवावा, कोपर टेबलावर टेकवावे आणि श्वास रोखावा. चुकला तर पुसत बसू नये. वाळू द्यावा आणि पांढऱ्यापासून पुन्हा सुरुवात करावी. माझा ठिपका चौथ्या प्रयत्नात जागेवर बसला.

मूर्ती मांडताना ती आपल्या छातीइतक्या उंचीच्या फळीवर, किंचित तिच्या स्वतःच्या डावीकडे वळवून ठेवावी. समोर उभे राहणाऱ्याला ढालीवरून वर आलेला तो एक डोळा थेट आपल्याकडे पाहताना दिसतो, आणि गर्दीच्या पायऱ्या जेथे असायला हव्यात, तेथे आपण उभे असतो.