पडझडीतल्या हॉकी संघाने प्लेऑफ गाठावा की ड्राफ्ट?

धरमपेठेतल्या आमच्या घरी जानेवारीत पहाटे साडेपाचला एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, सामना लागतो. तेव्हा टोरांटोत आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. पुतण्या रोज विचारतो, "काका, आपला संघ हरला तर बरं का?"

कारण ड्राफ्टमध्ये संघ नवे तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडतात, आणि प्लेऑफ (बाद फेरी) हुकलेल्या संघांत पहिली पाळी लॉटरीने ठरते, त्यात तळाच्या संघाला जास्त संधी. त्याला सांगतो, आधी या लॉटरीचं गणित बघ. ३२ पैकी तळाच्या संघालाही पहिल्या निवडीची शक्यता २५.५ टक्केच, पण तो तिसऱ्याखाली घसरत नाही. २०२३ साली तळाला अॅनाहाइम होता आणि पहिली निवड ठरलेला कॉनर बेडार्ड गेला शिकागोकडे.

मग वय बघ. मुख्य खेळाडू विशी-बाविशीचे असतील, तर करार संपत आलेले तिशीपारचे खेळाडू ट्रेडची, म्हणजे संघांतल्या अदलाबदलीची, मुदत संपण्याआधी विकून ड्राफ्टमधल्या निवडी घ्यायच्या. त्याच निवडी देऊन प्लेऑफच्या शेवटच्या, आठव्या जागेसाठी भाड्याचा, म्हणजे हंगामाअखेर करार संपणारा, खेळाडू आणायचा, हे मात्र मला अजिबात पटत नाही.

पण पोरं स्वतःच्या बळावर प्लेऑफच्या दारात पोचली, तर अडवू नका. बफेलोने २०१८ आणि २०२१ला पहिली निवड मिळवली, तरी २०११-१२पासून सलग १४ हंगाम प्लेऑफ हुकले. उलट २०२२ला पहिली निवड मिळालेलं माँट्रियल २०२५मध्ये आत शिरलं आणि वॉशिंग्टनकडून पाच सामन्यांत हरलं. तो अनुभव कुठल्या ड्राफ्टमध्ये मिळतो?