कर्क्युमिन पेशींवर घालताना पिवळ्या रंगाला भुलू नका

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं पेशी वाढवते आहे. दर जूनला एम.एस्सी.ची दोन-तीन मुलं प्रोजेक्टला येतात आणि त्यांतलं एक तरी म्हणतंच, "ताई, मला हळद आणि कॅन्सर करायचंय." करा की. फक्त डब्यातली हळद आणू नका. तिच्यात कर्क्युमिन, म्हणजे हळदीचा पिवळा रेणू, आणि त्याची भावंडं मिळून शंभरात दोन-पाच भाग, बाकी बहुतेक स्टार्च. विकतच्या कर्क्युमिनमध्येही बऱ्याचदा तीन संयुगांचं मिश्रण असतं, म्हणून बाटलीवरची शुद्धता पहिल्याच दिवशी वहीत उतरवा.

७.४ मिलिग्रॅम कर्क्युमिन तोलून १ मिली डीएमएसओ या द्रावकात विरघळवा, की झालं २० मिलीमोलर (मोलर हे तीव्रतेचं माप) द्रावण. छोट्या ट्यूबांत वाटा, फॉइल गुंडाळा, उणे २० अंशांवर ठेवा. कमी डोस बनवताना पातळ करायचं तेही डीएमएसओतच, म्हणजे प्रत्येक वेलमध्ये (प्लेटच्या छोट्या खळग्यात) मीडियाच्या, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवाच्या, हजाराव्या हिश्शाइतकाच डीएमएसओ पडतो. तुमची खरी कंट्रोल, म्हणजे तुलनेची वेल, ही तेवढाच डीएमएसओ घातलेली, नुसत्या मीडियाची नव्हे.

साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे घरोघरी माहीत आहे. अल्कली लागली की हा रेणू बिथरतो. पेशींचा मीडियाही किंचित अल्कलीकडेच झुकलेला. ३७ अंशांवर, सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) नसलेल्या मीडियात अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के कर्क्युमिन मोडून जातं. १० टक्के सीरम असेल तर आठ तासांनीही निम्मं उरतं. सिग्नलिंगच्या, म्हणजे पेशीतल्या निरोपांच्या, प्रयोगात पेशींना सीरमविना उपाशी ठेवायची रीत आहे. इथे ती पाळलीत तर तुम्ही कर्क्युमिन नव्हे, त्याचा चुरा तपासत बसाल.

आता एमटीटी, म्हणजे किती पेशी जिवंत आहेत हे रंगावरून मोजायची चाचणी. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मॅझान करतात आणि आपण ते ५७० नॅनोमीटरवर मोजतो. माझ्या पहिल्या प्लेटमध्ये सर्वांत मोठ्या डोसच्या वेलमधल्या पेशी कंट्रोलपेक्षाही ठणठणीत निघाल्या. मी हरखले. आमच्या सीनियरने काही न बोलता प्लेटचा आदल्या दिवशीचा फोटो समोर धरला: पेशी गोल होऊन तरंगत होत्या आणि मध्ये पिवळे स्फटिक सुयांसारखे पडले होते. अशी संयुगं पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करू शकतात, आणि मी मीडिया न काढताच वरून एमटीटी ओतलं होतं. तेव्हा आधी औषधाचा मीडिया काढा, पीबीएसने (क्षारयुक्त बफरने) दोनदा हलक्या हाताने धुवा, मगच एमटीटी घाला. एका ओळीत पेशी नकोत, फक्त कर्क्युमिन आणि एमटीटी. आणि रंग मोजणाऱ्या रीडरकडे जाण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. हे सगळ्यात स्वस्त कंट्रोल, आणि नेमकं तेच सगळे टाळतात.

पेशी मेल्या म्हणजे सिग्नल अडला असं नाही. त्यासाठी वेस्टर्न ब्लॉट: पेशींतली प्रथिनं वेगळी करून हवं ते प्रथिन बँडच्या, म्हणजे पट्टीच्या, रूपात दाखवणारी चाचणी. एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन एरवी पेशीद्रवात कोंडलेलं असतं. त्याला धरून ठेवणारा राखणदार म्हणजे आयकॅपाबी-अल्फा. टीएनएफ हे दाहाचा निरोप देणारं प्रथिन आलं की राखणदारावर फॉस्फेट चिकटतं, त्याचा निकाल लागतो आणि एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरून पेशीला तगून राहायचे हुकूम सोडतं. हेला (मानवी कॅन्सरच्या) पेशींच्या चार डिश घ्या: काहीच नाही, फक्त टीएनएफ, फक्त कर्क्युमिन, आणि तासभर आधी कर्क्युमिन घालून मग टीएनएफ. टीएनएफ १० नॅनोग्रॅम प्रति मिली, १५ मिनिटं, की लगेच बर्फावर. चहाला गेलात तर संपलं: तासाभरात पेशी नवा राखणदार बनवते आणि त्याचा बँड परत उमटतो, जणू काही घडलंच नाही.

दुसऱ्या लेनमधला (एका डिशची एक लेन) राखणदाराचा बँड फिका झाला नसेल तर ब्लॉट फेका. टीएनएफच मेलेलं आहे. तो गेला आणि चौथ्या लेनमध्ये टिकला, अ‍ॅक्टिनही (सगळ्या लेनमध्ये प्रथिन सारखं भरलंय का हे तपासायचं प्रथिन) सगळीकडे सारखं, तर कर्क्युमिनने सिग्नल अडवला असावा, तुमच्या हाती काहीतरी आहे. डोस मात्र असा हवा ज्यात पेशी अजून धडधाकट आहेत. मरणाऱ्या पेशीत सगळेच सिग्नल बिघडतात.

रिपोर्ट लिहिताना डोसशेजारी एक आकडा जरूर लिहा. २००१च्या एका चाचणीत रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडावाटे घेणाऱ्यांच्या रक्तात ते सरासरी जास्तीत जास्त १.७७ मायक्रोमोलर सापडलं. आपण डिशमध्ये घालतो २०. मिरीतल्या पायपरीनने हे शोषण वाढतं, पण पायपरीन इतर औषधांचं पचनही अडवू शकतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, काकांची केमो चालू असताना, "हळद-मिरीच्या कॅप्सूल देऊ का गं?" असं विचारलं, तेव्हा मी ब्लॉटबद्दल चकार शब्द काढला नाही. पाकिट पर्समध्ये टाका आणि पुढच्या केमोला डॉक्टरांपुढे ठेवा, त्याआधी एकही देऊ नका, एवढंच सांगितलं.