मूल कसं विचार करतं ते घरीच बघायचंय? तीन ग्लास आणि पाणी पुरे

आधी एक गोष्ट. 'सहा वर्षांपर्यंत मेंदूची ९० टक्के वाढ होऊन जाते, आत्ताच काय ते करा' असं सांगून पालकांना घाबरवणाऱ्या जाहिराती असतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तो आकडा साधारण मेंदूच्या आकाराचा आहे. कपाळामागचा जो भाग थांबून विचार करायला, स्वतःला आवरायला लागतो तो विशीतही घडतच असतो. त्यामुळे घाई नाहीये. खाली दिलंय त्याने मूल हुशार होणार नाही आणि ही परीक्षा पण नाही, त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला दिसतं, बस.

वय साधारण ४ ते ७. दोन सारखे ग्लास घ्या आणि एक उंच, अरुंद. मूल भुकेलेलं किंवा पेंगुळलेलं असेल तर आज राहू दे.

सारख्या ग्लासांत पाणी भरायचं, पण 'दोन्हीकडे सारखं कर' सांगून मुलालाच भरू दे, त्याचं समाधान होईपर्यंत. मग त्याच्यासमोरच एका ग्लासातलं सगळं पाणी उंच ग्लासात ओता.

आता प्रश्न विचारायचा. सगळं इथेच बिघडतं आणि मलाही हीच पायरी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. 'आता कशात जास्त आहे?' असं विचारलंत तर कशात तरी जास्त आहे हे तुम्हीच सांगून टाकलंत. 'दोन्हीत सारखं आहे, की एकात जास्त आहे?' असं विचारा, सपाट आवाजात, भुवया न उडवता. आणि मग गप्प बसा. खरंच गप्प. मूल ग्लासाकडे बघत बसतं, मध्येच दुसरंच काहीतरी बोलतं, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारायचा मोह होतो, तो अजिबात करू नका, कारण मोठ्या माणसाने तेच परत विचारलं की मुलाला वाटतं आपलं चुकलं आणि ते उत्तर बदलतं. ही माझी कल्पना नाही. हा खेळ मुळात स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा, ते ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर असं दोनदा विचारायचे. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक या संशोधकांनी अशाच खेळात, पण पाण्याऐवजी सोंगट्यांच्या ओळी घेऊन, फक्त नंतरच विचारलं तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. म्हणून तर वर भरताना 'सारखं आहे ना?' असं विचारायला सांगितलं नाही.

उत्तर काहीही येवो, 'कशावरून?' हे विचाराच, चुकलं तरी आणि बरोबर आलं तरी. माझ्या मते खरा खेळ हाच. 'हा उंच आहे ना' म्हणजे मूल एकाच गोष्टीकडे बघतंय, रुंदी त्याच्या हिशोबातच नाही. 'उंच आहे पण बारीक आहे', 'परत ओतलं तर तेवढंच होईल', 'पाणी तर तेच आहे' अशी कारणं यायला लागली की विचार बदललाय, साधारण ६-७ व्या वर्षी, मागेपुढे चालतं.

आणि समजावू नका!! 'अरे सारखंच आहे, बघ' म्हटलं की मूल पुढच्या वेळी तेच वाक्य पाठ म्हणून दाखवतं आणि तुम्हाला काहीच कळत नाही. फार तर पाणी परत पहिल्या ग्लासात ओता, बघू दे. काही महिन्यांनी पुन्हा करा.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी दुसरा खेळ आहे. ओळखीच्या खाऊच्या डब्यात गुपचूप पेन्सिली ठेवा, 'यात काय असेल?' विचारा, मग उघडून दाखवा, बंद करा आणि विचारा, 'बाबांनी हा डबा उघडलेला नाही, त्यांना यात काय आहे असं वाटेल?' तीन वर्षांची बरीच मुलं 'पेन्सिली' म्हणतात, इतकंच नाही तर 'मला आधीपासून पेन्सिलीच वाटलेल्या' असंही सांगतात. चार-पाचच्या आसपास हे बदलतं. तोवर त्याला खोटारडा म्हणू नका, आपल्याला मघाशी वेगळं वाटलं होतं हे त्याला अजून धरून ठेवता येत नाही.