वसतिगृहात बोलायची जागा: कशी चालवावी, कुठं फसते
लातुरात नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी आलेल्या मुलांना वसतिगृहात मन मोकळं करायला जागा द्यायची म्हटलं की दोन सूर निघतात. एक म्हणतो, अशानं पोरं नाजूक होतात. दुसरा म्हणतो, त्यांना लागेल असं काही कानावरच पडू नये. दोन्ही बाजूला ठेवा. इथं बोललेलं मुलाच्या अंगलट येत नाही, एवढ्याच अर्थानं जागा सुरक्षित हवी.

ही जागा म्हणजे बोलायचा छोटा गट: 6 ते 8 मुलं, आठवड्यातून एकदा, 45 मिनिटं. चाचणीची आदली रात्र टाळा. मेसला लागून असलेली खोलीही टाळा, ताटं वाजली की बोलणारा गप्प होतो. गट रेक्टरनं चालवू नये, शिकवणाऱ्या सरांनीही नाही. ज्याच्या हातात सुट्टी नि गुण, त्याच्यापुढं खरं कोण बोलणार? संस्थेत 100 किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक नेमा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये बजावलंय. त्यालाच बसवा.

'इथलं बाहेर जाणार नाही' असं सरसकट वचन देऊ नका. जिवाला धोका दिसला तर घरी कळवावं लागतं. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

सगळ्यात जास्त घात सवलतीनं होतो. धास्तावलेल्या मुलाला चाचणी माफ केली की त्या दिवशी बरं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. टाळलं म्हणून वाचलो, हेच मन शिकतं. त्याऐवजी पायऱ्या करा. आधी खोलीत एकट्यानं 45 प्रश्न, 45 मिनिटं, गुण मोजायचे नाहीत. मग दोन मित्रांसोबत 90. मग हॉलमध्ये पूर्ण 180, दाराजवळच्या बाकावर. धडधड पार थांबायची वाट पाहू नका. थोडी ओसरली की पुढची पायरी.

कुणी 'जगून काय उपयोग' म्हणालं तर विषय बदलू नका. गट दुसऱ्याकडं सोपवून त्याला बाजूला घ्या आणि थेट विचारा: जीव द्यायचा विचार येतो का? विचारल्यानं तो डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर क्षणभरही एकटं सोडू नका, औषधाच्या गोळ्यांसारख्या धोक्याच्या वस्तू खोलीतून हलवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन लावा. तो चोवीस तास चालतो. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. घरी फोन मुलासमोरच करा, आणि वडिलांना आधीच सांगा: रागवायचं नाही, फीचा विषय तर काढायचाच नाही.