हिमाचलला जाताय? मनालीत अडकून पडू नका

हिमाचल म्हणजे मनाली असं धरून लोक अख्खी सुट्टी मॉल रोडवर काढतात, बघवत नाही खरंच. मनालीत दोन रात्री बास झाल्या. मग नग्गरला जा, जुना लाकूड-दगडाचा वाडा, रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांचं घर, आणि गर्दी बरीच कमी.

मनालीपलीकडच्या लाहौल खोऱ्यात जायचं तर ९.०२ किमीचा अटल टनेल २०२० पासून सुरू आहे, म्हणजे रोहतांगची खिंड न चढता सरळ सिस्सू आणि पुढे केलाँग गाठता येतं, पण केलाँग ३,००० मीटरच्या वर आहे त्यामुळे पहिल्या दिवशी पळापळ नको, भरपूर पाणी प्या, दारू नको, आणि डोकं ठणकायला लागलं किंवा मळमळायला लागलं तर अजून वर जायचंच नाही, त्रास वाढला तर लगेच खाली उतरा, हे जिवावर बेतू शकतं.

ट्रेक करायचा तर हामटा पास मस्त, एका बाजूला हिरवीगार कुल्लू व्हॅली आणि खिंड ओलांडली की एकदम उघडे रखरखीत डोंगर! सह्याद्रीत गड चढतो म्हणून हलक्यात घेऊ नका, इथे उंची ४,२०० मीटरच्या पुढे जाते, लोकल गाईड घ्याच.

पॅराग्लायडिंगसाठी बीर, ऑक्टोबरमध्ये हवा छान असते, पावसाळ्यात बंद. वयस्कर मंडळी सोबत असतील तर तीर्थन व्हॅली, नदीकाठी राहा, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क शेजारीच.