व्हेंटिलेटरवरचा पेशंट बारामतीहून पुण्याला: सराव कसा घ्यावा

एसीएलएसचे (हृदयविकाराच्या आणीबाणीतील प्रगत उपचारांचा अभ्यासक्रम) प्रमाणपत्र २ वर्षे चालते आणि हृदय थांबल्यावर काय करायचे ते नीट शिकवते. पण श्वासनलिकेत नळी घातलेला, तीन सिरिंज पंपांवरचा (सिरिंजमधले औषध ठरलेल्या वेगाने शिरेत ढकलणारी यंत्रे) पेशंट १०० किलोमीटर आणताना जी कामे पडतात, त्यातली बरीच त्यात नसतात. ती वर्गात बसून येतही नाहीत. गाडी, स्ट्रेचर, मॅनिकिन (सरावाचा पुतळा) किंवा टेस्ट लंग (फुप्फुसाऐवजी जोडायची पिशवी) आणि रोजच्या वापरातली उपकरणे घेऊनच सराव घ्या. डॉक्टर, पॅरामेडिक, नर्स यांच्याबरोबर चालकही हवाच. ब्रेक कधी लागणार हे त्याने आधी ओरडून सांगायला शिकले, की मागच्यांचे हात मोकळे राहतात.

पहिला हिशेब ऑक्सिजनचा, आणि तो कागदावर. सिलिंडरच्या मानेवर कोरलेली पाण्याची क्षमता लिटरमध्ये घ्या, तिला गेजवरच्या दाबाने गुणा. गेजवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असले तरी हिशेबापुरते ते बारच धरा. १० लिटरचा सिलिंडर १२० वर असेल तर आत साधारण १२०० लिटर वायू आहे. आता खर्च. पेशंटचे मिनिट व्हॉल्यूम, म्हणजे मिनिटभरात श्वासातून जाणारी हवा, ८ लिटर, व्हेंटिलेटर यंत्र स्वतः खाते त्याचे २, म्हणजे मिनिटाला १०. यंत्राचा खरा आकडा त्याच्या पुस्तिकेतून घ्या, कारण काही यंत्रे याहून बरीच जास्त खातात. प्रवास अडीच तासांचा धरला तर १५०० लिटर, दुप्पट राखीव धरून ३०००. म्हणजे असे तीन सिलिंडर. पेशंट ६० टक्के ऑक्सिजनवर आहे म्हणून आकडा कमी करू नका. वाटेत १०० टक्के कधी लागेल सांगता येत नाही.

वेळही रस्त्यानुसार बदलते. जेजुरी-सासवडवरून दिवे घाट, की पाटसवरून सोलापूर महामार्ग, हे चालकाला विचारून ठरवा. माउलींची पालखी घाटात असेल किंवा शहरात गणपती विसर्जन चालू असेल, तर सगळा हिशेब नव्याने मांडा.

ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर गाडीत नव्हे, वॉर्डातच लावा आणि किमान १५ मिनिटे त्यावर पेशंट स्थिर राहतो का ते पाहा. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात द्यायची हवा, वजनकाट्यावरच्या वजनावरून नाही, उंचीवरून येणाऱ्या वजनावरून काढा. सेंटिमीटरमधल्या उंचीतून १५२.४ वजा करा, उरेल त्याला ०.९१ ने गुणा आणि पुरुषासाठी त्यात ५० मिळवा, स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५. १७० सेंटिमीटरच्या पुरुषाचे ६६ किलो येतात, किलोला ६ मिलीने सुमारे ४०० मिली. निघण्याआधी एक एबीजी (धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी) करा आणि धमनीतला कार्बन डायऑक्साइड व ईटीसीओटू (उच्छ्वासाच्या शेवटी मोजलेला कार्बन डायऑक्साइड) यांतला फरक लिहून ठेवा. वाटेत तोच आधार असतो. नळीभोवतीच्या फुग्याचा (इंग्रजीत कफ) दाब २० ते ३० सेंटिमीटर पाणी, आणि दाताशी नळी किती सेंटिमीटरवर आहे तो आकडा टेपवरच लिहा.

पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) जास्त असेल तर यंत्र बदलताना फुप्फुस मिटते आणि सॅच्युरेशन (रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण) पडते. त्यासाठी श्वास आत भरलेला असताना नळीला क्लॅम्प, जुने यंत्र स्टँडबायवर, नवे जोडून चालू, मग क्लॅम्प काढणे, हा क्रम हातात बसेपर्यंत घोटा. पेशंट स्वतः श्वास ओढत असेल तर क्लॅम्प लावू नका. आत तार असलेल्या नळीलाही नको, ती चेपली की तशीच राहते.

पंपांची चूक बहुतेक वेळा उचलताना होते. पंप अचानक पेशंटपेक्षा वर गेला तर औषधाचा जास्तीचा घोट आत जातो, खाली गेला तर काही वेळ काहीच जात नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिनवर हे लगेच बीपीत दिसते, कारण ते बीपी टिकवणारे औषध आहे. म्हणून पंप पेशंटच्या छातीच्या पातळीवर बांधा, आणि संपत आलेली सिरिंज वॉर्डातच बदला. सरावात याच औषधाचे गणितही विचारा: ५० मिलीत ४ मिग्रॅ, वजन ६० किलो, ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. उत्तर तासाला ४.५ मिली.

आता गाडी चालू करा आणि प्रशिक्षकाने गुपचूप बिघाड करावा. सिलिंडरची चावी बंद करणे, कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रेघेत दाखवणारे यंत्र) बारीक नळी काढणे, सर्किट (व्हेंटिलेटर ते पेशंट जाणाऱ्या नळ्या) स्ट्रेचरच्या दांड्याखाली दाबणे, पंपाची बॅटरी संपवणे. सॅच्युरेशन पडले की टीमची पहिली हालचाल एकच: पेशंट यंत्रापासून काढून १०० टक्के ऑक्सिजनवर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). बॅग सहज दाबली गेली आणि पेशंट सुधारला, तर दोष यंत्रात किंवा सर्किटमध्ये. कॅप्नोग्राफची रेघ सपाट झाली, तर श्वासनलिकेतली नळी बाहेर आली आहे असे धरूनच चाला. बॅग कडक लागत असेल तर सक्शन कॅथेटर पूर्ण आत जातो का पाहा. अडला तर नळी दुमडली किंवा छातीतल्या चिकट कफाने बुजली. दम्याचा पेशंट असेल तर बॅग जोडण्याआधी काही सेकंद छाती रिकामी होऊ द्या, अडकलेली हवा निघते. एका बाजूचा आवाज गेला आणि बीपी कोसळले, तर टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर छातीत हवा कोंडून दाब वाढणे. प्रौढांत सुई चौथ्या किंवा पाचव्या इंटरकोस्टल स्पेसमध्ये (दोन बरगड्यांमधली जागा), काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे. हे काम ज्याला ते करण्याचे प्रशिक्षण आणि परवानगी आहे त्यानेच करावे, आणि तो कोण हे निघण्याआधी ठरलेले असावे.

पुण्यात पोचल्यावर भिंतीच्या ऑक्सिजनचा प्रवाह तपासल्याशिवाय सिलिंडर तोडू नका. पंपांचे दर मोठ्याने वाचून दाखवा, समोरच्या नर्सने ते परत म्हणावेत. शेवटी सिलिंडरचा उरलेला दाब लिहा आणि सुरुवातीच्या हिशेबाशी ताडा. फरक मोठा असेल तर गळती शोधा, नाहीतर यंत्राच्या खर्चाचा आकडा बदला.